राष्ट्राध्यक्ष नेमतो, म्हणून सरन्यायाधीश त्याचा होतो का?

नांदेडला कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: अमेरिकेत सरन्यायाधीशाला राष्ट्राध्यक्षच निवडतो, मग तो त्याच्याविरुद्ध निकाल देणार कसा? आणि दिलाच, पण राष्ट्राध्यक्षाने तो जुमानला नाही, तर कोर्टाच्या हातात काय उरतं?

मी मूळचा सोलापूरचा, गेली २४ वर्षं न्यू जर्सीत वकिली करतो. काम मुख्यतः इमिग्रेशनच्या अपिलांचं. माझ्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात समोर सरकार उभं असतं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचं एखादं खातं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला रोज भेटतो, म्हणून आधी तोच घेतो.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे स्वतःचे पोलीस आहेत, पण ते इमारतीची आणि न्यायमूर्तींची राखण करतात. देशभरच्या फेडरल कोर्टांचे आदेश बजावतात ते यूएस मार्शल. आदेश बजावण्याचं बंधन कायद्यानेच त्यांच्यावर घातलं आहे, पण ते खातं न्याय विभागाचं, आणि न्याय विभाग राष्ट्राध्यक्षाचा. म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या सरकारविरुद्धचा हुकूम घेऊन जायचं तेही त्याच्याच माणसांनी. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, फौज राष्ट्राध्यक्षाकडे. कोर्टाकडे कागद.

तो कागद कसा चालतो हे मी एकदा फार जवळून पाहिलं. शुक्रवारची संध्याकाळ होती. माझ्या अशिलाला देशाबाहेर पाठवण्यासाठी डिटेन्शन सेंटरमधून गाडीत बसवल्याचं त्याच्या बायकोने मला फोनवर सांगितलं. आमचा तातडीचा अर्ज कोर्टापुढे होता. सव्वासहाला ईमेलवर आदेश आला. चार ओळी, खाली न्यायाधीशांची सही: पुढील आदेशापर्यंत या माणसाला हलवू नये. मी तो सरकारी वकिलांना पाठवला आणि लगेच फोन लावला. त्या बाई महिनाभर माझ्याशी कडाडून भांडल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वाचला. कळवते." पाऊण तासाने त्यांचाच फोन आला. गाडी विमानतळाच्या वाटेवरून परत फिरवली होती. कोणी मार्शल धावला नाही, कोणाला दम द्यावा लागला नाही.

अमेरिकेतली न्यायव्यवस्था या सवयीवर उभी आहे. ही सवय आपोआप लागलेली नाही. ती लावताना काही सरन्यायाधीशांनी डोकं लढवलं, काहींनी हात पोळून घेतले, आणि काही राष्ट्राध्यक्षांनी मनाविरुद्ध का होईना, निकालापुढे मान झुकवली. आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

अमेरिकेच्या संविधानात सरन्यायाधीशाचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही न्यायव्यवस्थेच्या तिसऱ्या अनुच्छेदात नाही. तो आहे पहिल्या अनुच्छेदात, काँग्रेसच्या प्रकरणात: राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालला तर त्या वेळी सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसेल. कारण सरळ आहे. एरवी सिनेटचं अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षाकडे असतं, आणि राष्ट्राध्यक्ष दोषी ठरला तर खुर्ची उपराष्ट्राध्यक्षालाच मिळणार. ज्याला लाभ, त्याला पंच कसं करायचं? हा प्रसंग आजवर तीनदाच आला: १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन, १९९९ मध्ये क्लिंटन, २०२० मध्ये ट्रम्प. २०२१ च्या दुसऱ्या खटल्यात ट्रम्प पदावर नव्हते, म्हणून तेव्हा एका ज्येष्ठ सिनेटरने काम चालवलं.

नेमणुकीचं कलम दुसऱ्या अनुच्छेदात आहे: राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचं, सिनेटने मंजुरी द्यायची. तिसऱ्या अनुच्छेदात दोन छोटी वाक्यं आहेत आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांतच आहे. न्यायाधीश सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहतील, आणि पदावर असताना त्यांचा पगार कमी करता येणार नाही. निवृत्तीचं वय नाही, फेरनेमणूक नाही, बढतीची आशा नाही. आपल्याकडे सरन्यायाधीश ६५ व्या वर्षी उतरतो. उदय लळित यांना २०२२ मध्ये जेमतेम ७४ दिवस मिळाले. तिकडे जॉन मार्शल ३४ वर्षं त्या खुर्चीवर होता. १७८९ पासून आजवर जॉन रॉबर्ट्स धरून अवघे १७ सरन्यायाधीश झाले. केनेडी, फोर्ड, कार्टर, क्लिंटन, ओबामा यांच्यापैकी एकालाही सरन्यायाधीश नेमण्याची वेळ आली नाही. त्यामुळे बहुतेक राष्ट्राध्यक्षांचा संसार दुसऱ्याच कोणीतरी नेमलेल्या सरन्यायाधीशाबरोबर होतो.

शपथेबद्दलही एक गैरसमज आहे. आपल्या संविधानाच्या कलम ६० मध्ये राष्ट्रपतीने सरन्यायाधीशासमोर शपथ घ्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. अमेरिकेच्या संविधानात शपथेचे ३५ शब्द दिले आहेत, ती कोणी द्यावी ते दिलेलं नाही. १९२३ मध्ये हार्डिंगच्या निधनानंतर कूलिजने व्हरमाँटमधल्या घरी मध्यरात्रीनंतर शपथ घेतली, ती दिली त्याच्या वडिलांनी. ते नोटरी होते. सरन्यायाधीश शपथ देतो ही रूढी आहे. पण रूढीची पकड पाहा: २००९ मध्ये रॉबर्ट्स यांच्याकडून एक शब्द जागचा हलला, ओबामांचीही गल्लत झाली, तर दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये पुन्हा शपथ झाली. पुढे कोणाला शंका काढायला जागा राहू नये म्हणून.

आता इतिहास. सगळा सांगत नाही, जिथे नातं उघडं पडतं तेवढाच सांगतो.

१७९३ मध्ये फ्रान्स-इंग्लंड युद्धात तटस्थ राहताना काय चालेल, काय नाही, याबद्दल वॉशिंग्टनच्या सरकारने सुप्रीम कोर्टाला २९ प्रश्न पाठवले. सरन्यायाधीश जॉन जे हा वॉशिंग्टनचाच माणूस, दोघांचे संबंध चांगले. तरी कोर्टाने नम्रपणे नकार दिला: आम्ही खटले ऐकतो, सल्ला देत नाही. आपल्याकडे राष्ट्रपती कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाचं मत मागवू शकतात. अमेरिकेत तो दरवाजा त्या वर्षी बंद झाला तो आजही बंद आहे. कोर्ट राष्ट्राध्यक्षाचा कायदा सल्लागार नाही, हे पहिल्यांदा तिथे ठरलं. गंमत अशी की पुढच्याच वर्षी तोच जे सरन्यायाधीशपदावर असतानाच वॉशिंग्टनचा दूत म्हणून लंडनला तह करायला गेला. रेषा कुठे ओढायची हे लोक हळूहळू शिकत होते.

मग सरन्यायाधीश जॉन मार्शल. १८०१ च्या सुरुवातीला, निवडणूक हरलेल्या जॉन अ‍ॅडम्सने आपल्या परराष्ट्रमंत्र्याला सरन्यायाधीश केलं. नवा राष्ट्राध्यक्ष जेफरसन हा मार्शलचा लांबचा भाऊबंद, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. मार्बरी विरुद्ध मॅडिसन तुम्ही अभ्यासक्रमात वाचलाच असेल: अ‍ॅडम्सने जाता जाता नेमलेल्या मार्बरीचं नेमणूकपत्र जेफरसनचा परराष्ट्रमंत्री मॅडिसनने अडवलं होतं. पुस्तकात त्यातून न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे संविधानात न बसणारा कायदा रद्द ठरवण्याचा, अधिकार निघाला एवढं सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त शिकण्यासारखी वाटते. मार्बरीला त्याचं नेमणूकपत्र द्या, असा हुकूम मार्शलने केला असता तर जेफरसनने तो फेकून दिला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. मॅडिसनच्या वतीने कोर्टात बाजू मांडायलाही कोणी आलं नव्हतं. मार्शलने काय केलं? मार्बरीचा हक्क खरा, सरकारचं वागणं चूक, असं लिहिलं. आणि पुढे लिहिलं की असा हुकूम थेट देण्याचा अधिकार ज्या कायद्याने आम्हाला दिला, तो कायदाच संविधानात बसत नाही. जेफरसनला करण्यासारखं काही उरलंच नाही. मोडता येईल असा हुकूमच कोर्टाने दिला नाही, आणि संविधानाचा अर्थ सांगण्याचा अधिकार मात्र कायमचा आपल्याकडे घेतला.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचं एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल: मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच तो अमलात आणावा. ते त्याने म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. चेरोकी आदिवासींच्या मुलखात जॉर्जिया राज्याचा कायदा चालत नाही, असा तो निकाल होता. १८३२ च्या त्या खटल्यात, वूस्टर विरुद्ध जॉर्जियात, राष्ट्राध्यक्षाने काही करावं असा आदेशही नव्हता. आदेश जॉर्जियाच्या कोर्टाला होता. त्याने तो बाजूला ठेवला आणि दोन मिशनरी पुढच्या वर्षापर्यंत तुरुंगात राहिले. पण वाक्य खोटं असलं तरी त्यामागचं वागणं खरं आहे. जॅक्सन गप्प बसला, चेरोकी लोकांचे हक्क कागदावर राहिले, आणि १८३८ मध्ये त्यांना बंदुकीच्या धाकाने घरादारातून हाकललं गेलं. त्या वाटेवर हजारो मेले. राष्ट्राध्यक्षाने निकाल मोडायची गरज नसते, हात बांधून बसलं तरी पुरतं. त्या प्रकरणातून मी हे शिकलो आणि ते मला कधी विसरता येत नाही.

टॅनी आणि लिंकनची गोष्ट यापेक्षा कडवट आहे. मार्शलनंतरचा सरन्यायाधीश रॉजर टॅनीने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटचा निकाल लिहिला: काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. नवा राष्ट्राध्यक्ष बुकॅननने पदाची शपथ घेतल्यावर दोन दिवसांनी तो निकाल आला. त्याआधी बुकॅनन कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींशी त्याच खटल्याबद्दल पत्रव्यवहार करत होता, आणि शपथेच्या दिवशी भाषणात, कोर्ट जे ठरवेल ते मी आनंदाने मानीन असं सांगत होता. राष्ट्राध्यक्ष आणि न्यायमूर्ती यांची जवळीक किती विषारी होऊ शकते याचा याहून वाईट नमुना मला माहीत नाही.

चार वर्षांनी त्याच टॅनीने, वयाच्या ८३ व्या वर्षी, लिंकनला शपथ दिली आणि शेजारी बसून आपल्या निकालावरची टीका ऐकली. तीन महिन्यांच्या आत दोघे समोरासमोर आले. यादवी सुरू झाली होती. लष्कराने जॉन मेरीमन नावाच्या माणसाला बाल्टिमोरजवळ पकडून फोर्ट मॅकहेन्रीत ठेवलं. टॅनीने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे हजर करा असा, हुकूम काढला. किल्ल्यावरच्या जनरलने आपला अधिकारी पाठवून कळवलं की राष्ट्राध्यक्षाने हा अधिकार स्थगित करायची मुभा दिली आहे, कैदी आणणार नाही. टॅनीने जनरलला हजर करण्यासाठी कोर्टाचे आदेश बजावणारा यूएस मार्शल पाठवला. मार्शल किल्ल्याच्या दारावर गेला, आत चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं नाही, आणि तो परत आला. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या दारातच अडकून पडलो होतो. देशाचा सरन्यायाधीश, त्याचा हुकूम, आणि बंद दार.

टॅनीने मग आपल्याला शक्य ते केलं. हेबियस कॉर्पस स्थगित करायचा तर काँग्रेसने, राष्ट्राध्यक्षाने नव्हे, असं निकालपत्र लिहिलं आणि त्याची प्रत लिंकनला पाठवली. लिंकनने ४ जुलैच्या संदेशात काँग्रेसलाच विचारलं: एक कायदा मोडू नये म्हणून बाकी सगळे कायदे धुळीला मिळू द्यायचे का, आणि सरकारच कोसळू द्यायचं का? मेरीमनला लष्कराने पुढे मुलकी कोर्टाच्या हवाली केलं. काँग्रेसने १८६३ मध्ये कायदा करून राष्ट्राध्यक्षाला तो अधिकार दिला. कायद्याच्या दृष्टीने टॅनीचं म्हणणं बरोबर होतं असं माझं मत आहे. पण ड्रेड स्कॉट लिहिलेल्या हाताने लिहिलेला तो निकाल ऐकायची उत्तरेत कोणाची तयारी नव्हती. कोर्टाची पत एका खटल्यात उधळली की दुसऱ्या खटल्यात ती उसनी मिळत नाही.

टॅनी १८६४ च्या ऑक्टोबरात वारला. लिंकनने त्याच्या जागी सॅल्मन चेसला बसवलं. चेस हा त्याचा अर्थमंत्री राहिलेला, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी कायम टपून बसलेला. "तुझा माणूस बसव, तो तुझ्या बाजूने निकाल देईल," हे गणित कुठे फसतं ते इथे दिसतं. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १८६२ मध्ये सरकारने सोन्याचं पाठबळ नसलेल्या कागदी नोटा काढल्या, हिरव्या पाठीच्या. त्या चेसच्याच खात्याने काढल्या. त्यातल्या एक डॉलरच्या नोटेवर चित्र कोणाचं होतं? खुद्द चेसचं. लिंकनला सरन्यायाधीश हवा होता तो या नोटा टिकवणारा. त्याच्या तोंडी एक वाक्य सांगितलं जातं: न्यायाधीशाला तू काय निकाल देशील असं विचारता येत नाही, आणि विचारलं व त्याने सांगितलं तर आपल्यालाच त्याची किळस येईल, म्हणून ज्याची मतं आधीच ठाऊक आहेत असा माणूस घ्यावा. मतं ठाऊक असलेल्या या माणसाने १८७० मध्ये निकाल दिला की कायदा होण्याआधीच्या कर्जांपुरता तरी या नोटांचा कायदा संविधानाबाहेरचा आहे. स्वतःचं चित्र असलेल्या नोटेविरुद्ध. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँटने दोन रिकाम्या जागांसाठी नावं पाठवली, आणि पुढच्या वर्षी ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल उलटला. चेस अल्पमतात राहिला, पण मागे हटला नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: राष्ट्राध्यक्ष माणसाची मतं निवडू शकतो, त्याची खुर्ची नाही. तिथे बसल्यावर मतं कधी तशीच राहतात, कधी फिरतात, पण दोन्ही वेळा ती त्याची स्वतःची असतात.

टॅफ्टबद्दल थोडक्यात, कारण तो अपवाद आहे. आधी राष्ट्राध्यक्ष, मग १९२१ पासून सरन्यायाधीश, दोन्ही पदं भूषवलेला एकमेव माणूस. सुप्रीम कोर्टाला स्वतःची इमारत हवी म्हणून त्याने काँग्रेसचा पिच्छा पुरवला. तोवर कोर्ट संसदभवनात, सिनेटच्या जुन्या दालनात बसायचं. इमारत १९३५ मध्ये उघडली, तेव्हा टॅफ्ट हयात नव्हता.

त्याच्यानंतरचा चार्ल्स इव्हान्स ह्यूज मात्र प्रत्येक वकिलाने अभ्यासावा असा सरन्यायाधीश. १९३५-३६ मध्ये कोर्टाने फ्रँकलिन रूझवेल्टचे मंदीवरचे मोठे कायदे एकामागून एक पाडले. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आलेल्या रूझवेल्टने फेब्रुवारी १९३७ मध्ये योजना मांडली: सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा न्यायमूर्ती, कोर्ट नऊवरून पंधरापर्यंत. कारण काय दिलं? म्हाताऱ्या न्यायमूर्तींना काम झेपत नाही. न्यायमूर्तींची संख्या संविधानात नाही, काँग्रेसच्या कायद्यात आहे, त्यामुळे योजना कायदेशीर होती. ह्यूज भाषण करायला गेला नाही, वर्तमानपत्रांतून वाद घातला नाही. त्याने एका सिनेटरला पत्र लिहिलं, आणि ते २२ मार्चला सिनेटच्या समितीपुढे वाचलं गेलं. पत्रात फक्त कामाचा हिशेब: खटले तुंबलेले नाहीत, कोर्ट कामात मागे नाही. आणि न्यायमूर्ती वाढवले तर ऐकणारे वाढतील, चर्चा करणारे वाढतील, पटवून द्यावं लागेल असे लोक वाढतील, काम जलद होणार नाही. रूझवेल्टने दिलेलं कारणच आकड्यांनी काढून घेतलं. आठवड्याभरातच कोर्टाने किमान वेतनाचा कायदा ५-४ ने उचलून धरला. रूझवेल्टच्या योजनेला घाबरून कोर्ट फिरलं असं तेव्हा म्हटलं गेलं. पण त्या खटल्यात बाजू बदलणाऱ्या न्यायमूर्तीने आपलं मत योजना जाहीर होण्याआधी, डिसेंबरातच दिलं होतं. जुलैमध्ये रूझवेल्टच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने योजना ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत धाडली, म्हणजे गाडली. नऊ हा आकडा १८६९ पासून आजही तोच आहे.

१९५२ च्या पोलाद खटल्यात नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रूमनने नेमलेले होते. कोरियाचं युद्ध चालू असताना ट्रूमनने संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सरन्यायाधीश व्हिन्सन ट्रूमनचा पत्त्यांच्या डावातला दोस्त, तो त्याच्या बाजूने राहिला. पण सहा जण विरुद्ध गेले, त्यात ट्रूमनने स्वतः नेमलेले दोघे. ट्रूमनने त्याच दिवशी कारखाने परत दिले.

आयझेनहॉवरने १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर अर्ल वॉरनला सरन्यायाधीश केलं. पुढच्या मे महिन्यात शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध ब्राऊनचा निकाल आला, ९ विरुद्ध ०. या शून्यासाठी वॉरनने महिनोन्महिने एकेका सहकाऱ्याचं मन वळवलं. दक्षिणेतली राज्यं आडवी येणार हे त्याला दिसत होतं, आणि एक जरी विरोधी मत असतं तर तेच त्यांचं हत्यार झालं असतं. निकालपत्रही मुद्दाम छोटं ठेवलं, कोणत्याही वर्तमानपत्रात छापता येईल असं. आयझेनहॉवरने पदावर असताना तो निकाल योग्य आहे असं जाहीरपणे म्हटलं नाही. पण १९५७ मध्ये दक्षिणेतल्या अर्कान्सा राज्यात लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना गव्हर्नरने शाळेत जाऊ दिलं नाही, तेव्हा त्याने लष्कराची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. निकाल आवडला नसला तरी पाळायचा आणि पाळायला लावायचा. माझ्या दृष्टीने हा अमेरिकेच्या इतिहासातला एक मोठा क्षण आहे. मेरीमनच्या वेळी सैनिक सरन्यायाधीशाच्या हुकुमाविरुद्ध दारात उभे होते; इथे त्यांनी त्याच्या निकालासाठी शाळेचं दार उघडून दिलं.

निक्सन आणि बर्गर. वॉरन बर्गरला निक्सनने आणलं आणि त्याने २३ जून १९६९ रोजी शपथ घेतली. निक्सन त्या दिवशी स्वतः कोर्टात हजर होता, वकील म्हणून बोललाही. बरोबर तीन वर्षांनी, २३ जून १९७२ ला, निक्सनच्या कार्यालयात एक संभाषण ध्वनिफितीवर उतरलं: वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचा, तपास कसा रोखायचा याचं. त्या फिती द्याव्या लागतील का, हा प्रश्न १९७४ मध्ये बर्गरच्या कोर्टापुढे आला. न्यायमूर्तींना काळजी एकच होती. निकाल 'निर्णायक' असेल तर राष्ट्राध्यक्ष मानतील, असं व्हाइट हाऊसने आधी सूचित केलं होतं. ५-३ हा निर्णायक म्हणायचा का? म्हणून निकाल आला ८-०. एक न्यायमूर्ती, रेनक्विस्ट, पूर्वी निक्सनच्या न्याय विभागात असल्याने बाजूला राहिले. निकालपत्र बर्गरच्या नावाने, आणि त्यात राष्ट्राध्यक्षाच्या गोपनीयतेचा अधिकार पहिल्यांदाच मान्य केला आहे. मान्य करून मग म्हटलं की फौजदारी खटल्यातल्या पुराव्यापुढे तो टिकत नाही. राष्ट्राध्यक्षाचा मान राखून त्याचा मार्ग बंद केला. निकाल २४ जुलैला. ९ ऑगस्टला निक्सन पदावर नव्हता.

इथे एक आपल्याकडची आठवण जोडतो. बर्गरच्या शपथेनंतर महिनाभरानेच निक्सन दिल्लीला आला. त्याचं स्वागत करणारे हंगामी राष्ट्रपती होते मोहम्मद हिदायतुल्ला, नागपुरात शिकलेले, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि त्या वेळी भारताचे सरन्यायाधीश. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी झाल्यामुळे सरन्यायाधीश राष्ट्रपतिभवनात गेले होते. अमेरिकेत हे घडू शकत नाही. तिथल्या उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत सरन्यायाधीश नाहीच.

वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात एकदा एका ज्येष्ठ वकिलांच्या मदतीला मी टेबलाशी बसलो होतो. टेबलावर हंसाच्या पिसाच्या पांढऱ्या लेखण्या ठेवलेल्या असतात, जुन्या रिवाजाने. समोर उंचावर बाकदार मंच, मधोमध सरन्यायाधीश, आणि बोलायची जागा त्याच्या इतकी जवळ की भुवई हललेली दिसते. सरकारचा वकील शेपटीच्या कोटात उभा राहतो. तो राष्ट्राध्यक्षाच्या वतीने बोलतो, पण पहिले शब्द सरन्यायाधीशाला उद्देशून असतात, आणि सरन्यायाधीशाने मधेच प्रश्न टाकला की अर्धं वाक्य तोंडात ठेवून थांबतो. जगातलं सगळ्यात ताकदवान सरकार तिथे प्रश्नाला उत्तर देत उभं असतं. मला वाटतं, हे रोज घडतं म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळी गाडी परत फिरते.

आताचे जॉन रॉबर्ट्स. २००५ मध्ये धाकट्या बुशने त्यांना नेमलं. सिनेटर ओबामांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, आणि २०१२ मध्ये ओबामांचा आरोग्यविमा कायदा वाचला तो रॉबर्ट्स यांच्या पाचव्या मताने. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांनी प्रवासबंदी उचलून धरली, पण जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायला सरकारने दिलेलं कारण खरं नाही म्हणून ते रोखलं. २०१८ मध्ये आश्रयाच्या नियमांबाबत, म्हणजे माझ्याच क्षेत्रात, एका न्यायाधीशाने सरकारविरुद्ध आदेश दिला. ट्रम्प यांनी त्याला 'ओबामा जज' म्हटलं. रॉबर्ट्स यांनी, जे सहसा बोलत नाहीत, निवेदन काढलं: आमच्याकडे ओबामांचे न्यायाधीश किंवा ट्रम्पचे न्यायाधीश, बुशचे किंवा क्लिंटनचे न्यायाधीश नाहीत. त्याच रॉबर्ट्स यांनी जुलै २०२४ मध्ये ६-३ ने राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामांबाबत फौजदारी खटल्यांपासून मोठं संरक्षण देणारा निकाल लिहिला. माझ्या मते त्यांनी गरजेपेक्षा जास्त दिलं, आणि त्याची किंमत पुढच्या कोर्टांना मोजावी लागेल.

मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका जिल्हा न्यायाधीशाने, व्हेनेझुएलाच्या लोकांना घेऊन निघालेली विमानं परत वळवा, असं कोर्टात तोंडी सांगितलं. विमानं वळली नाहीत, ती माणसं एल साल्व्हादोरच्या तुरुंगात पोहोचली. तोंडी आदेश बंधनकारक नव्हता आणि विमानं देशाच्या हद्दीबाहेर गेली होती, अशी बाजू सरकारने मांडली. ट्रम्प यांनी त्या न्यायाधीशावर महाभियोगाची मागणी केली, आणि त्याच दिवशी, १८ मार्चला, रॉबर्ट्स यांचं निवेदन आलं: निकाल पटला नाही म्हणून महाभियोग, हे उत्तर योग्य नाही हे दोन शतकांपासून ठरलेलं आहे, त्यासाठी अपील असतं. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने खटला चुकीच्या कोर्टात दाखल झाला म्हणून त्या न्यायाधीशाचा आदेश ५-४ ने रद्द केला, पण एका मुद्द्यावर नऊही जण एक होते: कोणालाही पाठवण्याआधी नोटीस द्यावी लागेल आणि कोर्टात जायला वेळ द्यावा लागेल.

त्या बातम्या वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे ती परत फिरलेली गाडी होती.

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, तर या विषयावर एकच गोष्ट मुळातून वाचा: पोलाद खटल्यातलं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सनचं स्वतंत्र मत. तो पूर्वी रूझवेल्टचा अ‍ॅटर्नी जनरल होता, राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांसाठी भांडलेला. त्याने त्या अधिकारांच्या तीन पायऱ्या सांगितल्या: काँग्रेसच्या संमतीने वागतो तेव्हा राष्ट्राध्यक्ष सर्वात बलवान, काँग्रेस गप्प असते तिथे संधिप्रकाश, काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जातो तेव्हा सर्वात दुबळा. आजही राष्ट्राध्यक्षाविरुद्धचा कोणताही अर्ज लिहायला बसलो की मी आधी एवढंच ठरवतो: हा माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे?